पावसाची बाजू आणि पाहुण्याची बाजू : डोंगरातल्या गावाचे घर मोजावे आणि मांडावे कसे

सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा घाटाच्या पोटात एखाद्या जुन्या घराभोवती फेरी मारली, तर त्याची एक बाजू उरलेल्या तिन्हींपेक्षा वेगळी दिसते. पश्चिमेकडचे किंवा नैर्ऋत्येकडचे छप्पर जमिनीच्या पार जवळ उतरलेले असते, त्या भिंतीला खिडकी नसते आणि मृगाच्या आधी तिथे गवताचा किंवा पेंढ्याचा आडोसा बांधला जातो. ही घराची पावसाची बाजू. पर्यटकांची वर्दळ वाढलेल्या गावांतल्या घरांना मात्र आता आणखी एक बाजू फुटली आहे. जिकडून मोटारी येतात तिकडे फरशी बसते, भिंतीवर चित्रे येतात, ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’ अशी पाटी लागते आणि संडास-न्हाणीघर जोडलेली एक नवी खोली उभी राहते. ही घराची पाहुण्याची बाजू.

डोंगरातल्या गावाची ओळख आणि पर्यटन यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर या दोन्ही बाजू एकाच हाताने, एकाच प्रमाणात आणि सारख्याच आस्थेने कागदावर उतरवणे ही माझ्या मते सर्वांत खात्रीची वाट आहे. मुंबईतल्या कला आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांबरोबर, तसेच चित्रकलेची आवड असलेल्या नोकरदार मंडळींबरोबर अशी कामे करताना जी रीत हळूहळू बसत गेली, ती इथे सांगतो. तिला वर्षभरातले चार-पाच शनिवार-रविवार, मोजपट्टी आणि बरीच चिकाटी लागते. पदवी लागत नाही.

गाव एकच घ्यावे

सुरुवातीला एकच गाव निवडावे आणि तेही असे, की जिथे पुन्हा पुन्हा जाता येईल. कसाऱ्याच्या किंवा कर्जतच्या लोकलने जाऊन पुढे एसटीने अथवा जीपने सकाळीच पोहोचता आले, तर दिवसाचा उजेड हाती राहतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठची रतनवाडी, कळसूबाईच्या पायथ्याचे बारी, राजमाचीच्या बालेकिल्ल्यांखालची उधेवाडी, अकोले तालुक्यातले पुरुषवाडी किंवा जव्हार-मोखाड्याकडचा एखादा पाडा, यांपैकी कुठेही हा अभ्यास करता येईल, कारण या सर्व ठिकाणी शेती आणि पाहुणे यांचा हिशेब एकाच अंगणात मांडला जातो.

भेटी ऋतूंनुसार ठरवाव्यात. वैशाखात घर शाकारण्याची धांदल चाललेली असते आणि छप्पर उकललेले असल्यामुळे त्याचा सांगाडा उघडा दिसतो. मोजणीला याहून चांगला काळ नाही. भंडारदऱ्याच्या बाजूला वैशाख-ज्येष्ठात काजवे पाहायला गर्दी लोटते, म्हणून पाहुण्याची बाजूही त्याच वेळी पूर्ण ताणावर असते. आषाढात जाऊन पावसाची बाजू प्रत्यक्ष काम करताना पाहावी. दिवाळीच्या सुमारास भात घरात येत असते, तेव्हा धान्य कुठे ठेवतात ते दिसते. माघ-फाल्गुनात पाहुणे कमी आणि पाणीही कमी, त्यामुळे गाव आपल्या मूळ चालीने चाललेले असते. चारपैकी एखादी भेट चुकली तर चालेल, पण आषाढातली चुकवू नये.

माथेरान किंवा महाबळेश्वर निवडायचे असेल, तर एक फरक आधी लक्षात घ्यावा. ही गिरिस्थाने मुळातच हवापालटासाठी वसवलेली आहेत. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढले, त्यानंतर तिथे बंगले उभे राहिले, आणि १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळहून वर जाणारी दोन फुटी रुळांची गाडी सुरू झाली. म्हणजे इथे पाहुण्याची बाजू आधी आली. अशा ठिकाणी प्रश्न उलटा विचारावा लागतो : पाहुण्यांसाठी आखलेल्या जागेत घोडेवाल्यांनी, हमालांनी आणि दुकानदारांनी आपले घर कुठे आणि कसे बसवले? हा अभ्यासही मोलाचा आहे, पण पुढचे विवेचन मी शेती करणारे गाव डोळ्यांसमोर ठेवून करणार आहे.

मुंबईत बसून करायची तयारी

निघण्यापूर्वी दोन-तीन संध्याकाळी वाचनाला द्याव्यात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे, कुलाबा (आताचा रायगड) आणि अहमदनगर या जिल्ह्यांचे खंड १८८२ ते १८८४ या काळातले आहेत आणि त्यांत घरांची, पिकांची आणि जमातींची वर्णने सापडतात. ती कारभाऱ्यांच्या नजरेने लिहिलेली आहेत हे विसरू नये. तरीही कोणत्या डोंगरात गवताची घरे होती आणि कौले कोणाला परवडत होती, याचे धागे तिथे मिळतात. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही एक फेरी मारावी. तिथल्या काचेच्या कपाटांत निरनिराळ्या जातिजमातींच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. कारागिरी अप्रतिम आहे, पण माणसे ‘नमुने’ म्हणून मांडली की ती कशी गप्प होतात, हेही तिथेच कळते. आपल्या कामात नेमके तेच टाळायचे आहे.

यानंतर एक साधा उद्योग करावा, ज्याचा उपयोग शेवटपर्यंत होतो. निवडलेल्या गावाची पर्यटकांनी आणि रिसॉर्टवाल्यांनी इंटरनेटवर टाकलेली पन्नास छायाचित्रे जमवावीत आणि त्यांची विषयवार विभागणी करावी : धबधबा किती, किल्ला किती, चुलीवरची भाकरी किती, डोक्यावर हंडा घेतलेली बाई किती, तंबू किती. मग दुसरा कागद घेऊन त्यांत काय अजिबात नाही ते लिहावे. शाळा, गोठा, नळाची रांग, रेशनचे दुकान, सिमेंटचे घर, मोटारसायकल घेऊन उभा असलेला तरुण. पहिला कागद बाहेरच्यांना हवे असलेले गाव सांगतो. दुसऱ्या कागदावरच्या गोष्टी पहिल्याच भेटीत आपणहून समोर येतात.

पहिली भेट

पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि टेपही बाहेर काढू नये. सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना भेटून आपण कोण, काय काढणार आणि ते कागद पुढे कुठे जाणार, हे स्पष्ट सांगावे. सर्व्हेवाले आले, जागा मोजून घेऊन जाणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. धरणे, अभयारण्ये आणि जमीन-दलाल यांच्यामुळे डोंगरातल्या माणसाला मोजपट्टीचा अनुभव चांगला नाही. म्हणून ज्या घराची मोजणी करायची त्या घरातल्या कर्त्या बाईची आणि बुवाची दोघांचीही परवानगी घ्यावी, आणि मापांच्या कागदाची एक प्रत त्यांना देण्याचे कबूल करून ती खरोखर द्यावी. चुलीपाशी आणि देवापाशी बोलावल्याशिवाय जाऊ नये. चटणी-भाकरी प्रेमाने पुढे आली तर ती खावी, पण राहण्या-जेवणाचे जे दर गावात चालतात ते न चुकता द्यावेत. अभ्यासाचे कारण सांगून सवलत मागणे शोभत नाही.

उरलेला दिवस चालण्यात घालवावा. गावठाण, वेस, पाणवठा, देवराई, खळी, नवे रिसॉर्ट आणि मोटारी लावायची जागा यांचा हातानेच नकाशा काढावा. त्यावर दोन बाण मात्र अचूक हवेत : पाऊस कुठून झोडपतो आणि पाहुणे कुठून येतात. पुढचे सारे काम या दोन बाणांवर उभे राहते.

घर मोजणे

साहित्य थोडे पुरते : एक तीस मीटरचा टेप, एक पाच मीटरचा, ओळंबा, आखीव कागदांची वही, मऊ शिसाची पेन्सिल आणि टेप बांधून उंच धरायला एक सरळ बांबू. दोघांनी धरावे, तिसऱ्याने लिहावे. लांबी मोजताना दर वेळी टेप उचलून नव्याने लावू नये. एका कोपऱ्यात शून्य पक्के धरून दार, खांब, कोनाडा, पुढचा खांब अशी सलग मापे वाचावीत, म्हणजे लहान चुका साचत जात नाहीत. खोलीचे दोन्ही कर्ण मोजायलाच हवेत, कारण मातीच्या घराचा कोपरा क्वचितच काटकोनात असतो आणि चारही बाजू बरोबर असूनही कागदावरचे घर वाकडे बसते. छपराचा उतार काढायला अंशांची गरज नाही. आढ्याची म्हणजे छपराच्या माथ्याची उंची, पागोळीची म्हणजे पाणी जिथून ठिबकते त्या खालच्या कडेची उंची आणि दोहोंमधले आडवे अंतर मिळाले की उतार आपोआप मिळतो.

मापे मीटरमध्ये घ्यावीत, पण घरमालक घर कशात मोजतो तेही लिहावे. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि घर तीन खणी की पाच खणी, यावर घरधन्याची ऐपत सांगितली जाते. भिंती मागून आल्या, पाडल्या, सरकवल्या, तरी खण बदलत नाहीत. त्यामुळे खण धरून आराखडा काढला की मूळ घर कुठवर होते आणि पुढची वाढ कुठून सुरू झाली, हे सहज उलगडते.

आराखड्यापेक्षाही अधिक वेळ सेक्शनला द्यावा. सेक्शन म्हणजे घर आढ्यापासून जोत्यापर्यंत उभे कापले तर आत जे दिसेल ते. समोरून काढलेले चित्र देखणे असते आणि फसवे असते. सेक्शनमध्ये मात्र पडवीत वाकून शिरणारा माणूस, ओटीवर बसलेली म्हातारी, माजघरातली कणगी, चुलीचा धूर आणि वरच्या माळ्यावरचे बियाणे, हे सगळे एका रेषेत येते. प्रत्येक सेक्शनमध्ये माणसे काढावीत आणि ती त्या घरातलीच असावीत, त्यांच्या उंचीची आणि त्यांच्या बसण्याच्या ढबीची.

अकोले तालुक्यातल्या एका वाडीत आम्ही असे एक सेक्शन दोन दिवस खपून पूर्ण केले आणि घरच्या आजींना दाखवले. जोते, मेढी, वासे, पाखे, सगळे ओळखीचे होते आणि त्यांनी बोट ठेवून एकेकाचे नावही सांगितले. मग त्या म्हणाल्या, “पोरा, पागोळीचं पानी कुठं पडतं ते तर काढलंच न्हाई.” त्यांनी उठून आम्हाला पावसाच्या बाजूला नेले. छपराच्या कडेखाली, भिंतीपासून सुमारे दोन हातांवर, चपट्या दगडांची एक ओळ जमिनीत बसवलेली होती. पागोळ्या त्या दगडांवर पडतात, म्हणून माती उडून कुडाच्या भिंतीवर बसत नाही आणि जोते धुपत नाही. दगड सरकले तर भिंत दोन पावसाळ्यांत कुजते. वैशाखात त्या दगडांवर पालापाचोळा होता आणि आम्ही दोन दिवस त्यांच्यावरून ये-जा करत होतो. तेव्हापासून प्रत्येक आराखड्यात पागोळीची रेघ तुटक रेषेने काढायची, हा माझा नियम झाला आहे. पाहुण्यांसाठी नवी खोली जोडली जाते तेव्हा सर्वांत आधी हीच रेघ मोडते आणि दोन छपरांच्या मधल्या पन्हळीतून पाणी घरात येऊ लागते, हे नंतर कितीतरी ठिकाणी दिसले.

घराच्या भागांची नावे त्या गावात जशी उच्चारतात तशीच लिहावीत. प्रमाण भाषेतला शब्द घालून ती ‘सुधारू’ नयेत. एकाच तालुक्यात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांच्या घरांत एकाच वस्तूला वेगळे नाव असू शकते. अशा वेळी दोन्ही नावे कोणाची ते सांगून नोंदवावीत.

छप्पर का बदलले, हे विचारावे

आता घराचा इतिहास. ‘घर किती वर्षांचे?’ या प्रश्नाला ‘लई जुनं’ एवढेच उत्तर मिळते. ‘थोरल्या मुलीच्या लग्नात भिंत कुडाची होती की विटांची?’, ‘वीज आली तेव्हा वर काय होते, पेंढा की कौल?’ असे विचारले की वर्ष जवळपास हाती लागते. मिळालेले टप्पे आराखड्यावर वेगवेगळ्या छटांनी दाखवावेत.

कारणांची साखळी मात्र शेवटपर्यंत सोडू नये. जुना कूड कारवी या डोंगरी झुडपाच्या काठ्यांचा असे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. तिच्या सरळ काठ्या विणून दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपली की हलकी, श्वास घेणारी भिंत होते. पण कारवी आणायची तर जंगलात जावे लागते, आणि सारवण टिकवायचे तर घरातल्या बायकांचे हात मोकळे हवेत. छपराचेही तसेच. पेंढ्याला साधारण पंचेचाळीस अंशांचा खडा उतार लागतो, मंगलोरी कौलांना तिशीच्या आसपासचा पुरतो आणि पत्र्याला दहा-पंधरा अंश भागतात. म्हणून पेंढा जाऊन पत्रा आला की छप्पर बसके होते, छपराखालचा माळा नाहीसा होतो, आणि माळा गेला की चुलीच्या धुरात सुरक्षित राहणाऱ्या बियाण्याला जागा उरत नाही. गॅस आला की धूर थांबतो, आणि धूर थांबला की उरल्यासुरल्या पेंढ्याला व वाशांना कीड लागते. एका बदलाने दुसरा ओढून आणलेला असतो, त्यामुळे कुठल्याही एका वस्तूवर ठपका ठेवता येत नाही.

शहरातून आलेल्या अभ्यासकाला पत्रा डोळ्यांत खुपतो. मला त्याविषयी कळकळीने सांगायचे आहे : ज्या बाईला दर वर्षी छप्पर शाकारण्याच्या कष्टातून सुटका मिळाली, तिच्या पत्र्याला कुरूप म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पत्र्याखाली उन्हाळ्यात किती तापते, पावसात बोलणे कसे ऐकू येत नाही, यावर तिने काय उपाय केला, हे काढावे. पत्र्यावर पेंढा अंथरलेली घरे दिसतात. तो उपाय आहे आणि रेखाटण्याजोगा आहे. शिवाय ज्या लाल मंगलोरी कौलांना आपण आज ‘पारंपरिक’ म्हणून मिरवतो, तीही बाहेरूनच आली. बासेल मिशनच्या जर्मन भाषक मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात त्यांचा कारखाना काढला आणि तिथून ती किनाऱ्याने वर सरकत आपल्या घाटांत पोहोचली. त्याआधी नळीची देशी कौले होती, आणि गरिबाघरी गवतच होते.

पाहुण्याची बाजू

नवी खोली, तंबूंचा ओटा, फलक, रंगवलेली भिंत, शेकोटीची जागा, हे सर्व जुन्या घराइतक्याच काळजीने आणि तितक्याच जाडीच्या रेषेने काढावे. जुने ठळक आणि नवे फिकट काढण्याची सवय आपल्या हाताला असते, ती मोडावी.

इथे तीन कागद वेगळे करावेत. पहिल्यावर घराचे एकूण क्षेत्रफळ आणि त्यातले पाहुण्यांच्या वाट्याला गेलेले क्षेत्रफळ. दुसऱ्यावर घरातल्या बाईचा दिवस, एकदा हंगामातल्या शनिवारचा आणि एकदा बिगरहंगामातल्या मंगळवारचा, पहाटेपासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. तिसऱ्याला मी रात्रीचा आराखडा म्हणतो : कोण कुठे झोपते. पाहुणे आले की म्हातारा ओटीवरून गोठ्याशेजारी जातो का, मुले शेजारच्या काकूंकडे जातात का, हे अंथरुणांच्या चौकटी काढून दाखवावे. पर्यटनाने घराचे काय केले, हे सांगणारे याहून बोलके चित्र माझ्या पाहण्यात नाही. त्याच कागदाच्या कडेला कमाईतून काय झाले तेही लिहावे, कारण मुलीची फी, मोटार पंप किंवा आजोबांचे ऑपरेशन याच खोलीतून निघालेले असते. जमीन आणि रिसॉर्ट कोणाच्या नावावर आहे, हे मात्र चारचौघांत विचारू नये. कोणी आपणहून सांगितले तर ऐकावे, आणि नावानिशी लिहू नये.

भिंतीवरच्या चित्रांकडे स्वतंत्रपणे पाहावे. मुंबईजवळच्या बहुतेक डोंगरी रिसॉर्टांच्या भिंतींवर आज वारली चित्रे दिसतात, मग ते गाव वारल्यांचे असो वा नसो. मूळ वारली चित्र म्हणजे लग्नघरातला चौक. सवाशिणी गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने तो लिहितात, मधोमध पालघट देवी असते, लग्नगीते म्हणणारी धवलेरी गाते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही रेषा कागदावर आणून तिला लग्नाबाहेरचे आयुष्य दिले. मासेमारीचे जाळे, धावती आगगाडी, मुंग्यांची वारुळे तिच्यात आली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभले, आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यामुळे भिंतीवर वारली चित्र दिसले की काही प्रश्न विचारावेत. ते कोणी काढले, वारली माणसाने की शहरातून आलेल्या रंगाऱ्याने? पीठ की पांढरा ऑईलपेंट? पैसे कोणाला मिळाले? आत देवीचा चौक सजावट म्हणून तर काढलेला नाही ना? आणि जे गाव ठाकरांचे किंवा महादेव कोळ्यांचे आहे, त्यांच्या घरात स्वतःचे असे काय काढतात, कोरतात, विणतात? वेशीवरचा वाघोबा, वीरगळ, दाराच्या चौकटीवरचे नक्षीकाम, गोधडीचे टाके यांकडे पाहुण्यांचे लक्ष जात नाही, आणि बहुधा त्यामुळेच ते अजून गावाचेच राहिले आहे.

ठरवून घडवलेली ओळख कशी असते ते पाहायला पाचगणीजवळचे भिलार चांगले आहे. स्ट्रॉबेरी पिकवणारे हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झाले. राज्य शासनाच्या या उपक्रमात घरांच्या खोल्या आणि भिंती रंगवून तिथे मराठी पुस्तके ठेवली गेली, आणि वाचक थेट लोकांच्या ओसरीवर बसू लागला. इथे पाहुण्याची बाजू घराच्या आतच आहे. वाचक बसलेला असताना घरचे लोक कुठून ये-जा करतात, एवढे एकच काढले तरी एक कागद भरेल.

दूरच्या गावांशी ताडून पाहावे

आपले काम अर्धे झाले की बाहेरची दोन-तीन उदाहरणे अभ्यासावीत; आधी नको, नाहीतर आपण तिथलेच प्रश्न इथे शोधत बसतो. स्वित्झर्लंडमधले फाल्स हे हजारभर वस्तीचे गाव. तिथल्या दिवाळ्यात निघालेल्या हॉटेलची मालकी गावाने १९८३ मध्ये घेतली आणि वास्तुकार पीटर झुमथोर यांच्याकडून १९९६ मध्ये उष्णोदकाची स्नानगृहे बांधून घेतली, गावच्याच खाणीतल्या दगडाच्या पातळ थरांची. इमारत जगप्रसिद्ध झाली. २०१२ मध्ये गावाने मतदान करून ती एका गुंतवणूकदाराला विकली, आणि २०१५ मध्ये तिच्याशेजारी ३८१ मीटर उंचीच्या हॉटेल-मनोऱ्याचा प्रस्ताव आला, जो उभा राहिला नाही. त्याच राज्यातल्या फ्रिन गावात, तिथेच जन्मलेल्या आणि आधी सुतारकी केलेल्या वास्तुकार गिओन कामिनादा यांनी ओंडक्यांच्या जुन्या जोडकामातून गोठे, खाटीकखाना, टेलिफोनची खोली आणि मृताला निरोप देण्याचे घर बांधले. गावाने मोकळ्या जागा स्वतःच विकत घेऊन सट्टेबाजी रोखली आणि १९९८ मध्ये फ्रिनला वास्तुवारसा जपणाऱ्या गावांना दिला जाणारा वाकर पुरस्कार मिळाला. एका गावाने पाहुण्यासाठी उत्तम वास्तू बांधली, दुसऱ्याने गुरांसाठी. हे दोन सेक्शन शेजारी लावून पाहावेत.

जपानमधल्या शिराकावा-गो येथल्या गावकऱ्यांनी १९७१ मध्ये आपापसांत ठरवले : विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. जोडलेल्या हातांसारखी खडी गवती छपरे तिथे ‘युई’ या रीतीने, सगळ्या गावाच्या श्रमांतून बदलली जातात. १९९५ पासून ती जागतिक वारसा आहेत. आपल्याकडे शाकारणीला भावकी अजून जमते का, की मजुरी देऊन काम होते, हे विचारायला या उदाहरणाने सुचवावे. आणि ऑस्ट्रियातल्या हालश्टाट या सुमारे सातशे वस्तीच्या गावाने २०२३ मध्ये सेल्फीची गर्दी हटवण्यासाठी देखाव्यापुढे लाकडी कुंपण घालून पाहिले होते, हेही ध्यानात असू द्यावे.

मांडणी

प्रदर्शन आधी गावात लावावे, मुंबईत नंतर. शाळेची पडवी किंवा देवळाचा सभामंडप पुरतो. कागद सुतळीला चिमट्यांनी लटकवावेत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि प्रत्येकाखाली पेन्सिल बांधून ठेवावी. लोक चुका दुरुस्त करतील, नावे बदलतील, एखादी नवी भिंत दाखवतील. या खुणा खोडू नयेत. मुंबईत तेच कागद न्यावेत. काही घरांना आपला रात्रीचा आराखडा चारचौघांत नको असेल, तर तो विनातक्रार काढून घ्यावा. एक पूर्ण संच शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवून यावा, कारण घरकुलाचा अर्ज असो वा खोली वाढवण्याचा विचार, मापे त्यांनाच जास्त लागतात.

मुंबईत दालन लहान असले तरी हरकत नाही. एखाद्या शाळेचे सभागृह किंवा सोसायटीचा हॉलही चालतो. मथळे मराठीत, गावच्या शब्दांसह द्यावेत. सुरुवातीला पर्यटकांच्या पन्नास छायाचित्रांची विभागणी लावावी, मग गावाचा नकाशा, मग दोन्ही बाजूंची रेखाटने आमनेसामने. जागा मिळाली तर एक काम आवर्जून करावे : जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने पडवी आणि ओटी पूर्ण आकारात आखावी, पागोळीच्या जागी खऱ्या मापाच्या उंचीवर एक सुतळी ताणावी, आणि तिच्या बरोबर खाली, भिंतीच्या रेषेपासून दोन हातांवर, चपट्या दगडांची ओळ मांडावी. सुतळी छातीच्या आसपास येते, त्यामुळे आत जायचे तर प्रत्येकाला वाकावे लागते. लोक वाकतात, आत येतात, आणि मग बहुतेक जण मागे वळून विचारतात, हे दगड कशाला ठेवलेत.